ताकायासू आजारात लक्षणांची वही कशी ठेवावी आणि आजाराने उचल खाल्ल्याचे कसे ओळखावे

पावसाळ्यात कोल्हापुरातल्या घराघरांत सकाळचा पहिला प्रश्न असतो तो पंचगंगेची पातळी किती झाली हा. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. पाणी ३१ फुटांवर आहे एवढ्याने कोणी घाबरत नाही. काल रात्री ते २७ वर होते आणि आज सकाळी ३१ झाले, हे कळल्यावर मात्र चिखली-आंबेवाडीची माणसे जनावरे हलवण्याच्या तयारीला लागतात. ताकायासू आर्टेरायटिस असलेल्या व्यक्तीने आपल्या शरीराकडे याच पद्धतीने पाहायला शिकले पाहिजे. नुसत्या आजच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. आपली नेहमीची पातळी कोणती, ती किती दिवसांत आणि कोणत्या बाजूने बदलली, यालाच अर्थ असतो. आणि हे लिहून ठेवल्याशिवाय कोणाच्याही लक्षात राहत नाही.

मला हा आजार होऊन बारा वर्षे झाली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपचार कोणता घ्यावा हे मी सांगणार नाही. आपल्याला काय होते आहे हे तपासणाऱ्या डॉक्टरांना नेमकेपणाने कसे सांगावे, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

आजाराची ओळख थोडक्यात करून देते. या आजारात महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखा, म्हणजे हात, मान, मेंदू, मूत्रपिंडे आणि पाय यांच्याकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या, यांच्या भिंतींना दाह होतो. भिंत जाड होते, आतला मार्ग अरुंद होतो किंवा बंद पडतो आणि काही वेळा वाहिनी फुगतेही. मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनी एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांची पुष्पचक्रासारखी विचित्र रचना १९०८ साली नोंदवली, आणि अशाच काही रुग्णांच्या मनगटाला नाडीच लागत नसल्याचे त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. त्यावरून याला 'नाडी नसलेला आजार' असेही म्हणतात. तो प्रामुख्याने स्त्रियांना आणि बहुधा चाळिशीच्या आत होतो. आजार दुर्मिळ असल्यामुळे पहिली काही वर्षे निदानाविना जाणे ही अनेकींची कहाणी असते.

माझीही तीच होती. दोन वर्षे एका दवाखान्यात दर वेळी डाव्या हाताचा रक्तदाब मोजला जात होता, तो ९० च्या आसपास भरत होता, आणि मला लिंबू-मीठ-साखरेचे पाणी प्यायला सांगितले जात होते. एके दिवशी तिथे नव्याने आलेल्या परिचारिकेने डाव्या बाजूला गर्दी होती म्हणून सहज उजव्या हाताला पट्टा बांधला आणि आकडा आला १६८. तिने यंत्र बिघडले असे समजून पुन्हा मोजले, तरी तेवढाच. डाव्या हाताकडे जाणारी वाहिनी अरुंद झालेली होती, म्हणून तिथे दाब कमी दिसत होता. शरीरातला खरा दाब वाढलेला होता आणि मी दोन वर्षे मीठ वाढवत होते. लक्षणांची वही मी सुरू केली ती त्या दिवसापासून.

पहिले पान: आपली नेहमीची पातळी

साधी दोनशे पानी वही पुरते. मोबाइलमध्ये नोंद ठेवणाऱ्यांना माझी हरकत नाही, पण तपासणीच्या खोलीत डॉक्टरांसमोर उघडून ठेवता येते ती वहीच, असा माझा अनुभव आहे. पहिले पान आजार शांत असताना, शक्यतो डॉक्टरांना विचारून भरावे. स्कॅनमध्ये कोणत्या वाहिन्या अरुंद दिसल्या, कुठली नाडी लागते आणि कुठली लागत नाही, दोन्ही हातांचा आणि मोजला असल्यास पायांचा रक्तदाब किती, वजन किती, शेवटचा ईएसआर आणि सीआरपी (रक्तातून दाहाचा अंदाज देणाऱ्या दोन तपासण्या) किती, आणि त्या वेळी कोणती गोळी किती मिलिग्रॅम चालू होती, हे सारे तारखेसह लिहावे. त्याखाली मोठ्या अक्षरात एक ओळ असावी: रक्तदाब कोणत्या हाताचा किंवा पायाचा ग्राह्य धरायचा. हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारलाच पाहिजे, कारण दोन्ही हातांच्या वाहिन्या अरुंद असतील तर मांडीला मोठा पट्टा बांधून मोजावे लागते, आणि नाडी क्षीण असलेल्या हाताला घरचे यंत्र नुसतेच 'एरर' दाखवते. ही ओळ लिहिलेले पान दुसऱ्या कोणत्याही दवाखान्यात, दाताच्या डॉक्टरांकडेसुद्धा, सर्वांत आधी दाखवावे.

यानंतरचा भाग मात्र कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. तो ज्याचा त्याने शोधायचा असतो. रोजच्या कामांतली तीन-चार कामे निवडावीत आणि ती करताना शरीर कुठे थांबवते ते मोजावे. माझी पहिली मोजणी दोरीवर कपडे वाळत घालण्याची आहे. हात खांद्याच्या वर राहतात, स्नायूंना जास्त रक्त लागते आणि अरुंद वाहिनीतून ते पुरेसे पोहोचत नाही, म्हणून हात भरून येतो, जड होतो आणि खाली घेऊन मिनिटभर विसावल्यावर पुन्हा चालू लागतो. आजार शांत असताना मी अकरा-बारा कपडे सलग घालते. वहीत मी 'हात दुखतो' असे लिहीत नाही. 'सातव्या कपड्याला हात खाली घ्यावा लागला' असे लिहिते. दुसरी मोजणी भाकऱ्यांची: किती भाकऱ्या थापल्यावर थांबावे लागते. तिसरी चालण्याची: महाद्वारापासून पापाची तिकटीपर्यंत मी न थांबता जाते, ज्यांच्या पायांकडच्या वाहिन्या बाधित आहेत त्यांना वाटेत पोटरीत गोळा आल्यासारखे होऊन थांबावे लागते, आणि ते कोणत्या दुकानापाशी हे त्यांना अचूक ठाऊक असते. कोणी केस विंचरण्याची मोजणी ठेवील, कोणी केएमटीच्या (शहर बससेवेच्या) गाडीत वरची दांडी किती थांबे धरवते याची. काम आपल्या नेहमीच्या जगण्यातले असावे आणि दर वेळी तेच असावे.

आठवड्याची नोंद

रोज लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रोज लिहिणारी व्यक्ती दिवसभर आजाराच्या आतच राहते, बारीकसारीक चमकेनेही धास्तावते आणि पंधरा दिवसांत वही बाजूला ठेवते. आठवड्यातून एक ठरलेला वार पुरेसा आहे. मी रविवारी सकाळी, चहाच्या आधी लिहिते. स्टिरॉइडची मात्रा कमी केली जात असेल तेव्हाचे पहिले काही आठवडे, किंवा काही वेगळे वाटू लागले असेल तेव्हा, एक दिवसाआड लिहावे.

रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली आणि पावले जमिनीवर असावीत, पट्टा बांधलेला हात छातीच्या उंचीवर टेकवलेला असावा आणि आधीचा अर्धा तास चहा-कॉफी घेतलेली नसावी. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. ग्राह्य हात कोणता हे कळल्यावरही महिन्यातून एकदा दोन्ही हातांचे आकडे घ्यावेत, कारण दोन हातांतील वरच्या आकड्याचा फरक पूर्वीपेक्षा वाढत असेल तर ती बातमी महत्त्वाची असते. त्यानंतर वजन, ताप असल्यास तो थर्मामीटरवर मोजून, थकवा शून्य ते दहा यांपैकी किती, आणि निवडलेल्या कामांची मोजणी. शेवटी त्या दिवशीची औषधे मात्रेसह लिहावीत, कारण गोळी १० मिलिग्रॅमवरून ७.५ वर आल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मान दुखू लागली, ही दोन वाक्ये एकाच पानावर दिसली तरच त्यांचा संबंध दिसतो.

शब्दांकडे लक्ष द्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या भाषेत दुखण्यासाठी इतके नेमके शब्द आहेत, आणि दवाखान्यात गेल्यावर आपण त्या सर्वांचे मिळून एकच 'वीकनेस आहे' करून टाकतो. अशक्तपणा म्हणताना आपल्याला तीन निरनिराळ्या गोष्टी म्हणायच्या असतात: झोप पुरी होऊनही अंग न उचलणे, चार पायऱ्यांत धाप लागणे, आणि काम करताना एकच हात भरून येणे. पहिली गोष्ट दाहाची किंवा रक्त कमी असल्याची असू शकते, दुसरी हृदयाची किंवा फुप्फुसाची, तिसरी त्या हाताच्या वाहिनीची. आणि तिन्हींसाठी डॉक्टर वेगवेगळ्या तपासण्या करतात. 'चक्कर' या शब्दाचेही तसेच आहे. भोवतालचे सारे गरगर फिरत असेल तर तसे लिहावे, आणि उभे राहताना किंवा मान वर करून माळ्यावरचा डबा काढताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर तसे लिहावे. या दुसऱ्या प्रकारात मेंदूकडे जाणारे रक्त कमी पडत असण्याची शक्यता असते. ठणका, कळ, मुंग्या, बधिरपणा, चमक, हात गार पडणे यांतील जो खरा असेल तोच शब्द वापरावा.

त्याचबरोबर कारण लिहू नये, घडले ते लिहावे. 'पित्त झाले' असे लिहिले की डोकेदुखी, मळमळ आणि नजरेसमोरचा धुरकटपणा हे सगळे त्या एका शब्दाखाली झाकून जाते. 'थंडी बाधली', 'मान आखडली', 'उशी बदलली म्हणून' ही वाक्येही तशीच. मानेच्या बाजूला, जिथे नाडी लागते तिथे, बोट लावताच दुखत असेल तर ते मानेच्या मोठ्या वाहिनीच्या दाहाचे लक्षण असू शकते. अशा वेळी मान चोळून किंवा मालिश करून घेऊ नये आणि आपणही दाबून दाबून पाहू नये.

नवे, वाढलेले की तसेच

वहीतला सर्वांत उपयोगी स्तंभ हा आहे, आणि तो मी स्वतः शोधून काढलेला नाही. भारतातील वातविकारतज्ज्ञांनी या आजाराची सक्रियता मोजण्यासाठी 'आयटास २०१०' ही गुणपद्धती तयार केली आहे. तिच्यात ४४ बाबी आहेत आणि त्यांपैकी ३३ हृदय व रक्तवाहिन्यांशी संबंधित आहेत. परंतु तिचे मर्म असे की, गेल्या तीन महिन्यांत जे नव्याने उद्भवले किंवा वाढले तेवढ्यालाच गुण द्यायचे. पाच वर्षांपासून डाव्या मनगटाला नाडी नाही, याला गुण नाही; ती या तीन महिन्यांत गेली असेल तर आहे. हाच नियम आपण वहीत पाळावा आणि प्रत्येक तक्रारीपुढे 'नवे', 'वाढलेले' किंवा 'तसेच' यांपैकी एक शब्द लिहावा.

याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. दाह शमल्यानंतरही अरुंद झालेली वाहिनी बहुधा अरुंदच राहते, जशी भाजलेली जखम भरल्यानंतरही कातडी आखडलेली राहते. त्यामुळे हात भरून येणे वर्षानुवर्षे चालू राहू शकते आणि त्याचा अर्थ आजार पुन्हा पेटला असा होत नाही. अशा स्थितीत स्टिरॉइड वाढवून उपयोग नसतो, उलट अपायच होतो. याउलट अकरा कपड्यांवरून सातवर, सातवरून चारवर असा उतार सहा आठवड्यांत दिसला, सोबत बारीक ताप, वजनात घट, रात्रीचा घाम, मानेचा ठणका यांपैकी काही नवे असले, तर आजाराने उचल खाल्ल्याचा संशय घ्यावा. काही वेळा पहिली खूण केवळ वाढत जाणारा रक्तदाब असते, कारण मूत्रपिंडाकडे जाणारी वाहिनी अरुंद होऊ लागली की दाब चढतो आणि व्यक्तीला मात्र काहीही जाणवत नाही.

तिसरी शक्यता औषधांची. स्टिरॉइडने झोप उडते, साखर आणि रक्तदाब वाढतो, आणि दीर्घकाळ घेतल्यास मांड्यांचे स्नायू दुबळे होऊन पाटावरून उठताना हाताचा टेकू लागतो. मात्रा कमी करताना काही दिवस सांधे आणि अंग दुखते, ते फ्लेअरसारखेच, म्हणजे आजाराने उचल खाल्ल्यासारखेच, भासते. मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मळमळ व मरगळ अनेकांना येते. त्या गोळीचा वार वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवावा, कारण चुकून रोज घेतली गेल्यास ती जिवावर बेतू शकते. चौथी शक्यता जंतुसंसर्गाची. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना ताप, खोकला आणि वजनातील घट यांमागे क्षयरोगही असू शकतो, आणि त्याचे चित्र फ्लेअरशी बरेच जुळते. म्हणून यांतले कोणते कारण खरे हे ठरवण्याचे काम आपले नाही. चारही शक्यता डॉक्टरांना तपासता याव्यात इतकी सामग्री पुरवणे हे आपले काम आहे.

रक्ताच्या अहवालाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगते. ईएसआर आणि सीआरपी चांगले आले म्हणजे तक्रार खोटी, असे कोणी म्हटले तर ते मान्य करू नये. अमेरिकेत ६० रुग्णांचा जो अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला, त्यात आजार शांत समजल्या गेलेल्या रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या वाहिन्यांच्या तुकड्यांपैकी ४४ टक्के तुकड्यांत दाह चालूच असल्याचे आढळले. टोसिलिझुमॅब या दाह दाबणाऱ्या औषधाचे उपचार चालू असतील तर सीआरपी त्या औषधामुळेच खाली राहतो, मग त्याच्यावर अवलंबून राहता येत नाही. उलट बाजूनेही तसेच: ईएसआर हा रक्त कमी असल्याने, गरोदरपणात किंवा साध्या संसर्गानेही वाढतो.

इशारा पातळी आणि धोका पातळी

पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर पहिले पान उघडून विचारावे की, माझी इशारा पातळी कोणती धरू. माझ्यासाठी ठरलेली पातळी अशी आहे: दोन सलग रविवारी कामाची मोजणी एक-तृतीयांशाने घटली, किंवा ग्राह्य हाताचा वरचा आकडा तीन दिवस १५० च्या वर राहिला, किंवा मानेत नवा ठणका आला, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता दोन दिवसांत फोन करायचा. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर त्याच दिवशी. हे आकडे माझे आहेत. प्रत्येकीचे वेगळे असतील आणि ते डॉक्टरांनीच ठरवून द्यावेत. स्टिरॉइडची मात्रा मात्र या काळात आपल्या मनाने वाढवू अथवा कमी करू नये.

धोका पातळी सर्वांसाठी सारखीच आहे. चेहरा वाकडा होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, एकाएकी दिसेनासे होणे, शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ येणे, दम लागून झोपता न येणे, हात किंवा पाय अचानक गार व पांढरा पडून असह्य दुखणे, किंवा रक्तदाब १८०/१२० च्या पुढे जाऊन सोबत डोकेदुखी वा धूसर दिसणे: अशा वेळी वही उघडत बसू नये. १०८ ला फोन करून जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. सोबतच्या माणसाने पहिल्या पानाचा फोटो आधीपासून आपल्या मोबाइलमध्ये ठेवलेला असावा.

भेटीचा दिवस

डॉक्टर विचारतात, "कसं काय, बरं आहे ना?" आणि आपण म्हणतो, "हो, बरं आहे." पहाटेची गाडी पकडून पुण्याला गेलेली, तीन तास रांगेत बसलेली बाई आत गेल्यावर हेच बोलते; मीही कित्येकदा बोलले आहे. संकोच असतो, बाहेरची गर्दी दिसत असते, आणि तक्रार करणारी बाई ठरू नये असे आत कुठेतरी वाटत असते. म्हणून आदल्या रात्री वहीतून एकच पान उतरवून काढावे: मागच्या भेटीपासून काय नवे, काय वाढले, मोजणी कितीवरून कितीवर आली, औषधाची मात्रा कधी बदलली, कोणती गोळी चुकली, आणि विचारायचे दोन प्रश्न. गोळी चुकली असेल तर ते लपवू नये. न घेतलेल्या गोळीला 'निष्प्रभ' समजून डॉक्टर अधिक तीव्र औषध सुरू करू शकतात. अपत्याचा विचार असेल तर तो प्रश्न सर्वांत वर लिहावा, कारण मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट ही औषधे गर्भाला घातक असतात आणि ती बरीच आधी बदलावी लागतात. अँजिओग्राफीची केवळ कागदी प्रत नेऊ नये, सीडीही न्यावी. जुन्या आणि नव्या प्रतिमा शेजारी ठेवूनच भिंतीची जाडी आणि अरुंदपणा यांतील फरक कळतो.

घरातल्या एका माणसाला या कामात सामील करून घ्यावे. माझ्या सासूबाईंनी एकदा माझ्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिले होते: "भाकरी करताना मधेच बसते. विचारलं तर काही नाही म्हणते." मी त्या तीन आठवड्यांत थकव्याला तीनच्या वर गुण दिलेले नव्हते. त्या ओळीवर बोट ठेवून डॉक्टरांनी पुढची तपासणी लिहून दिली.

पावसाळ्यापूर्वीचे एक काम आपल्या भागापुरते सांगायचे आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन शहराचा संपर्क कित्येक दिवस तुटला होता. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या व्यक्तीच्या शरीरात स्वतःचे संप्रेरक पुरेसे तयार होत नसते, त्यामुळे गोळी एकाएकी बंद पडल्यास उलट्या, रक्तदाब कोसळणे आणि बेशुद्धी इथपर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात किमान महिनाभराच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि ही वही एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरातल्या उंच जागी ठेवावी, आणि घर सोडण्याची वेळ आलीच तर ती पिशवी कोण उचलणार हेही त्याच दिवशी ठरवून टाकावे.